विष पोत्यातच ओळखावं

1974च्या अखेरीस बांसवाडा आणि पंचमहालच्या आदिवासी गावांत अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन काविळीची साथ आली. शंभरावर माणसं दगावली. कारण अफ्लाटॉक्सिन, म्हणजे अ‍ॅस्परजिलस बुरशीचं विष. ते शिजवून पुरतं जात नाही, बुरशी झटकली तरी दाण्यात राहतं. युरोपीय संघ थेट खायच्या शेंगदाण्यात किलोमागे 4 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालवून घेत नाही, म्हणून निर्यातीचा माल प्रयोगशाळेत जातो. गावच्या बाजारातलं पोतं कोण तपासणार? यासाठीच नॅनोतंतूंवरचं संशोधन मला मोलाचं वाटतं. पॉलिमरच्या द्रावणाला हजारो व्होल्टचा विद्युतदाब दिला, की सुईच्या टोकातून केसाच्या शंभराव्या हिश्शाइतके बारीक धागे ओढले जातात. त्यांच्या जाळीला पृष्ठभाग इतका मिळतो, की विष ओळखणारी प्रतिपिंडं तिच्यावर दाटीनं बसतात आणि अशा जाळीच्या चाचणीपट्टीवर अत्यल्प विषही हाती लागतं.

जाणकारांचा आक्षेप असा, की पट्टी कितीही तल्लख असो, चूक नमुन्यातच होते. ते खरंच आहे. विष पोत्यात सारखं पसरत नाही. मोजके सडके दाणे अख्खा माल बाद करतात आणि मूठभर नमुन्यात ते नेमके सुटतात. पण उपाय एकच: अनेक पोत्यांतून, तळापर्यंत नळी खुपसून दाणे काढायचे, एकत्र दळायचे, पुन्हा पुन्हा तपासायचे. महागड्या यंत्रावर हे परवडत नाही, स्वस्त पट्टीवर परवडेल. म्हणून सरकारी निधी नुसत्या तंतूंना नको; बाजार समितीतल्या नमुना काढणाऱ्या माणसाच्या प्रशिक्षणाला आणि दळणयंत्रालाही त्यातला वाटा हवा.