बिनतारी यंत्रे आणि निःपक्ष सल्लागार

शेतजमीन खरेदी करताना आपण विक्रेत्याने तोंडी सांगितलेल्या चतुःसीमेवर विसंबत नाही. सात-बारा पाहतो, फेरफार तपासतो, आणि संशय आल्यास सरकारी मोजणी मागवून हद्दीच्या खुणा कायम करून घेतो. हा सावधपणा शेतकऱ्यास कोणी शिकवावा लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या दाव्यांनी तो शिकविला आहे. परंतु तोच शेतकरी उपसा जलसिंचन संस्थेचा किंवा साखर कारखान्याचा संचालक या नात्याने बिनतारी यंत्रसामग्रीच्या खरेदीस बसला, की विक्रेत्यानेच जागा पाहावी, विक्रेत्यानेच अंदाजपत्रक करावे आणि काम उत्तम झाल्याचा दाखलाही विक्रेत्यानेच द्यावा, यात त्यास काही वावगे वाटत नाही. या विसंगतीकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बिनतारी संदेशाचा व शेतकऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. पहिला पाण्याच्या उपशाचा. नदीकाठचा पंप आणि चढावरील वितरण कुंडी यांत कित्येकदा चार-पाच किलोमीटरांचे अंतर असते. कुंडी भरली की पंप थांबावा व रिकामी झाली की सुरू व्हावा, यासाठी आता माणसाऐवजी बिनतारी यंत्रे कामास लावतात. दुसरा संबंध पुराचा, आणि तो जिवाशी आहे. धोम धरणातून विसर्ग वाढविला की मेणवली, वाई व खालच्या सर्व गावांच्या काठच्या मोटारी वर काढाव्या लागतात, जनावरे हलवावी लागतात. दोन तास आधी मिळालेली वर्दी हजारो रुपयांचा माल वाचविते. दोन तास उशिरा आलेली वर्दी केवळ पंचनाम्याच्या उपयोगाची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरास एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि पाटण तालुक्यात आंबेघर व मिरगाव येथे दरडी कोसळून मनुष्यहानी झाली. असे प्रसंग आता शंभर वर्षांतून एकदा येणारे राहिले नाहीत.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो की, घरोघरी मोबाईल असता निराळ्या बिनतारी व्यवस्थेची गरज काय? मोबाईलची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. २०२३ साली सरकारने चाचणीचा इशारा एकाच वेळी असंख्य फोनांवर वाजवून दाखविला, तो अनेकांस आठवत असेल. परंतु मोबाईलचा मनोरा विजेवर चालतो, आणि त्याचा पुढचा धागा बहुधा जमिनीखालच्या तारेतून जातो. अतिवृष्टीत वीज जाते, रस्ता खचला की तारही तुटते, आणि मनोऱ्याची बॅटरी काही तासांत संपते. म्हणजे ज्या रात्री संदेशाची खरी निकड, त्याच रात्री तो न पोहोचण्याचा संभव अधिक. म्हणूनच पोलीस आणि आपत्ती-निवारणाची खाती आजही स्वतःची बिनतारी व्यवस्था राखून असतात.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. बिनतारी यंत्र ही मोटारीसारखी वस्तू नव्हे, की दुकानातून आणली आणि जोडली म्हणजे चालली. मोटार कोणत्याही विहिरीवर सारखीच फिरते. बिनतारी संच मात्र एका जागी उत्तम चालतो आणि तेथून दोनशे पावलांवर मुका होतो. वॉकीटॉकीच्या व पंपाच्या संचांच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. आकाशक, म्हणजे ज्यास लोक अँटेना म्हणतात तो, २५ मीटर उंच खांबावर असला तर सपाट मैदानात त्याची दृष्टी सुमारे २० किलोमीटरपर्यंत पोहोचते. पण आपला मुलूख सपाट कोठे आहे? एका बाजूस पांडवगड, दुसऱ्या बाजूस वैराटगड, पाठीशी पसरणीचा घाट व पाचगणीचे पठार, आणि मध्ये कृष्णेची खोल दरी. येथे एक टेकाड आड आले की वीस किलोमीटरांचे दोन होतात.

शिवाय दोन आकाशक एकमेकांस दिसले म्हणजे काम झाले, असेही नाही. लहरींची वाट दोरीसारखी बारीक नसून दोन्ही टोकांस निमुळती आणि मधोमध फुगीर असते. पंपाच्या संचांस ज्या ८६६ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात, त्यांची वाट ५ किलोमीटरांच्या अंतरात मध्यभागी रेषेच्या चोहोबाजूंस सुमारे २१ मीटर फुगलेली असते, आणि त्यांपैकी निदान १२-१३ मीटर मोकळे असावेत असा अभियंत्यांचा दंडक आहे. त्या वाटेत आमराई, उभा ऊस किंवा घराचे पत्रे आले, की संदेश क्षीण होतो.

आमच्या पाहण्यातील एका संस्थेची हकीकत या संदर्भात बोधप्रद आहे. तिने पंप व कुंडी यांच्यामधील संच वैशाखात बसविला. त्या वेळी ऊस तुटून गेलेला, शिवार उघडे. चाचणी उत्तम झाली आणि बिलही अदा झाले. आश्विनात ऊस डोक्याच्या वर गेला, बांधावरची झाडे पालवली, आणि संदेश तुटू लागला. कुंडी भरली तरी पंप थांबेना. पाणी ओसंडून खालच्या दोन शेतांची माती वाहून गेली. विक्रेत्याने यावर उपाय म्हणून अधिक शक्तीचा, अर्थात अधिक किमतीचा, संच सुचविला. पुढे एका माहितगार अभियंत्यास बोलाविले. त्याने जागा पाहिली, नकाशावर उंचसखलपणा काढला, आणि सहा मीटरांच्या खांबाऐवजी पंधरा मीटरांचा खांब उभारण्यास सांगितले. जुनाच संच त्यानंतर नीट चालू लागला. विक्रेता अप्रामाणिक होता असे आम्ही म्हणत नाही. ज्याचे पोट संच विकण्यावर, त्यास प्रत्येक दुखण्यावर संच हेच औषध दिसावे, हे स्वाभाविक आहे. दोष संस्थेच्या पद्धतीचा होता.

लहरींच्या मालकीचाही प्रश्न आहे, आणि महसूल खात्यात आयुष्य घालविलेल्या मनुष्यास तो फार परिचित वाटतो. काही लहरी सात-बाराच्या जमिनीसारख्या असतात: केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन ही शाखा त्या नेमून देते, त्यांची फी असते, आणि नेमून दिलेल्या लहरीत दुसऱ्याने ढवळाढवळ केल्यास तक्रार करता येते. काही लहरी गायरानासारख्या असतात: ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, प्रक्षेपकाची शक्ती १ वॅट आणि आकाशकातून निघणारी ४ वॅट या मर्यादेत, परवान्यावाचून काम करता येते. परंतु गायरानात शेजाऱ्याची गुरे आली म्हणून कोणाकडे दाद मागणार? या पट्ट्यातही दुसऱ्याच्या यंत्राचा उपद्रव सोसावाच लागतो. पंपासाठी गायरान चालेल; पुराच्या वर्दीसाठी ते पुरेसे आहे काय, हा विचार खरेदीपूर्वीच झाला पाहिजे. परवाना आवश्यक असता तो न घेणे हा १९३३ च्या बिनतारी कायद्यान्वये गुन्हा होता, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही त्यास मोकळीक दिलेली नाही. त्याचा जाब विक्रेत्यास नव्हे, तर संस्थेच्या चेअरमनास द्यावा लागेल.

यंत्रापूर्वी जागेचा विचार, हे तत्त्व आपल्या प्रांतास नवे नाही. १९२७ साली विलायतेशी बिनतारी तारायंत्र सुरू झाले, तेव्हा संदेश पाठविण्याचे ठाणे खडकीस आणि घेण्याचे ठाणे दूर दौंडास ठेविले होते. जुन्नर तालुक्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० आकाशकांची जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण उभी आहे. ती तेथे उभारण्याचे एक प्रमुख कारण, त्या भागात मानवनिर्मित लहरींचा कलकलाट कमी, हे होते. ज्यांनी ही कामे केली त्यांनी आधी जागा पारखली, मग यंत्रे आणली.

असा सल्ला देणे हा आज एक स्वतंत्र व्यवसाय आहे. केंद्र सरकारनेच १९७८ साली टेलिकम्युनिकेशन्स कन्सल्टंट्स इंडिया आणि १९९५ साली ब्रॉडकास्ट इंजिनिअरिंग कन्सल्टंट्स इंडिया या दोन कंपन्या स्थापिल्या. आपल्या कृष्णा व भीमा खोऱ्यांत पाऊस व नदीची पातळी आपोआप मोजून उपग्रहाच्या व मोबाईलच्या मार्गे पुण्यास कळविणारी केंद्रे जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पात बसविली गेली. त्या माहितीवरून पुराचा अंदाज करण्याची व जलाशय चालविण्याची पद्धत रचण्यासाठी डेन्मार्कची डीएचआय ही सल्लागार संस्था नेमली होती. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. जागतिक बँकेच्या खरेदीच्या नियमांप्रमाणे, ज्याने एखाद्या कामाचा सल्ला दिला त्याने त्याच सल्ल्यातून निघालेल्या मालाचा पुरवठा करावयाचा नाही. कोट्यवधींचे कर्ज देणारी पेढी जो नियम आवश्यक मानते, तो सभासदांच्या भागभांडवलावर चालणाऱ्या संस्थेने का पाळू नये?

खर्चाचा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. शंभर सभासदांच्या संस्थेस दिल्लीचा सल्लागार परवडणार नाही. पण सहकाराचा उपयोग मग कशासाठी? तालुक्यातील आठ-दहा संस्था, कारखाना व ग्रामपंचायती यांनी मिळून एकच पाहणी करविली, तर प्रत्येकाच्या वाट्यास येणारी रक्कम अल्प राहील. योग्य टेकडीवर सर्वांत मिळून एकच पुनःप्रक्षेपक, म्हणजे रिपीटर, बसविता आला तर यंत्रांचाही खर्च वाचेल. माणसे शोधावयास फार लांब जाण्याचेही कारण नाही. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून आणि कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून अभियंते घडवीत आहेत. तेथील जाणत्या अध्यापकांस विचारणा करावी. आणि विक्रेता पाहणी फुकट करून देतो म्हणणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की त्या पाहणीची किंमत मालाच्या दरात मिळविलेली असते. ती वेगळी लिहिलेली नसते, इतकेच.

सल्लागार नेमताना ठरावात पुढील अटी घालाव्यात, अशी आमची सूचना आहे. त्याचा मोबदला ठोक असावा, खरेदीच्या रकमेवर टक्केवारीने नसावा; आणि कोणत्याही विक्रेत्याशी आपला आर्थिक संबंध नाही, असे त्याने लेखी द्यावे. पाहणी ऊस उभा असताना व भर पावसात करावी, वैशाखात नव्हे. अहवालात प्रत्येक ठाण्याची जागा, खांबाची उंची, कोणती लहर, परवाना हवा की नको व तो कोणाच्या नावे, हे स्पष्ट असावे. विजेचा हिशेब आकड्यांनी मांडावा. उदाहरणार्थ, १२ व्होल्टांवर सरासरी १ अँपिअर घेणाऱ्या पुनःप्रक्षेपकास दिवसास २४ अँपिअर-तास लागतात. पाच दिवस ऊन पडले नाही तर १२०. आणि शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये, म्हणून २४० अँपिअर-तासांची बॅटरी हवी. याच्या निम्मी बॅटरी बसवून दिली, तर ती ऐन झडीत तिसऱ्या दिवशी उतरेल. विजेपासून संरक्षणाची भूमिगत जोडणी, सुटे भाग आणि दुरुस्तीस कोण व किती दिवसांत येणार, हेही त्यात यावे. विक्रेत्याचा अखेरचा हप्ता एक पावसाळा यंत्र नीट चालल्यावर, सल्लागाराच्या दाखल्यानेच द्यावा. आणि हा अहवाल कपाटात न ठेवता सर्वसाधारण सभेत वाचून इतिवृत्तास जोडावा.

शेवटची अट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. संचालक बदलतात, विक्रेते बदलतात, यंत्रेही जुनी होतात; पण कोणत्या टेकडीवरून कोणते गाव ऐकू येते, ही माहिती पन्नास वर्षे उपयोगी पडते. आपल्या गावची जमीन इंचाइंचाने मोजून ठेविलेली आहे. तिच्यावरून जाणाऱ्या लहरींची एकदा तरी मोजणी व्हावी, आणि ती विकणाऱ्याच्या नव्हे तर आपल्या माणसाच्या हातून व्हावी. पुढील पावसाळ्यापूर्वी ज्या संस्थांच्या सभा आहेत, त्यांच्या सभासदांनी हा विषय पत्रिकेवर घेण्याची सूचना आजच लेखी द्यावी, अशी आमची विनंती आहे.

— एक निवृत्त महसूल कारकून, वाई