गिळलेली चूक आणि नागरिकाचा पुरावा

‘सिस्टीम चालत नाही, उद्या या’ हे वाक्य आपल्या सार्वजनिक जीवनात पूर्वीच्या ‘साहेब जागेवर नाहीत’ या वाक्याच्या जागी येऊन बसले आहे. फरक इतकाच की साहेब जागेवर नाहीत हे रिकाम्या खुर्चीकडे पाहून पडताळता येत असे. यंत्र काल चालत नव्हते, हे मात्र आज कोणालाही सिद्ध करता येत नाही. हा फरक किरकोळ नाही. यंत्राची चूक आणि ती सिद्ध करण्याची जबाबदारी नागरिकाची, अशी एक नवी रीत त्यातून रूढ होऊ पाहत आहे आणि तिचा विचार केवळ संगणकतज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही.

माझगावच्या विक्रीकर भवनाला, म्हणजे आताच्या वस्तू व सेवा कर भवनाला, या प्रश्नाची ओळख करून द्यावी लागू नये. विक्रीकराच्या आणि १ एप्रिल २००५ नंतर मूल्यवर्धित कराच्या कामासाठी मुंबईचे व्यापारी व त्यांचे कारकून याच इमारतीचे जिने चढत आले. १७ फेब्रुवारी २०२० रोजी तिच्या वरच्या मजल्यांना आग लागली, तेव्हा साहजिकच सर्वांना कागदपत्रांची चिंता वाटली. कागद जळाला तर तो जळाला हे निदान दिसते, त्याचा पंचनामा होतो. परंतु जी नोंद कधी लिहिलीच गेली नाही, ती नाहीशी व्हायला आगही लागत नाही, आणि तिचा पंचनामाही होत नाही.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. जुन्या करपद्धतीत व्यापाऱ्याच्या नावे जी वजावट शिल्लक होती, ती नव्या खात्यात आणण्यासाठी ‘ट्रान-१’ नावाचा अर्ज पोर्टलवर भरावयाचा होता. त्याची मुदत वाढत वाढत अखेर २७ डिसेंबर २०१७ अशी ठरली. अनेकांचा अर्ज तांत्रिक अडचणींमुळे पुरा झाला नाही. मुंबई उच्च न्यायालयासमोर फेब्रुवारी २०१८ मध्ये पोर्टलच वापरता येत नसल्याचे एक गाऱ्हाणे आले, तेव्हा करदात्याला पोर्टलचा सुलभ वापर करता येत नसेल तर करसुधारणेच्या सोहळ्यांना अर्थ नाही, अशा आशयाचे खडे बोल न्यायमूर्तींनी सुनावले. पुढे ३ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने तक्रारनिवारणाची सोय झाली. ज्यांचा प्रयत्न यंत्रणेच्या बिघाडामुळे फसला त्यांना पुन्हा संधी द्यावी, असे ठरले. मात्र असा प्रयत्न झाला होता, हे यंत्रणेतील इलेक्ट्रॉनिक नोंदींवरून दिसले पाहिजे, अशी अट होती.

वरवर पाहता अट रास्त आहे. कोणीही उठून ‘मी प्रयत्न केला होता’ म्हणेल, त्याला आळा हवा. पण या नोंदी कोणी लिहायच्या? यंत्रणेने. त्या कोणाच्या ताब्यात? यंत्रणेच्या. म्हणजे जिच्या बिघाडाविषयी तक्रार, तिच्याच वहीवरून निवाडा. नोंद नसणे आणि चूक नसणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणताही अनुभवी हिशेबनीस सांगेल. तरीही व्यापाऱ्यांना संगणकाच्या पडद्याची छायाचित्रे जोडून देशभरच्या उच्च न्यायालयांत जावे लागले. अखेर २२ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि न्यायालयात गेलेले व न गेलेले अशा साऱ्यांसाठी १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर २०२२ असे दोन महिने पोर्टल पुन्हा उघडले. एका अर्जासाठी पाच वर्षे!

हा व्यापाऱ्यांचा प्रश्न आहे, पगारदार माणसाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण आपले वेतन, निर्वाह निधी, परीक्षेचे गुण, शिधापत्रिका, विजेचे बिल हे सारे आज ‘डेटाबेस’ नावाच्या माहितीच्या कोठारात असते. त्या कोठाराच्या आतच काही कामांच्या कार्यपद्धती कायमच्या लिहून ठेवलेल्या असतात. त्यांना ‘स्टोअर्ड प्रोसीजर’ म्हणतात. समजा, एका शिक्षकाने मुलीच्या लग्नासाठी निर्वाह निधीतून उचल मागितली. कार्यपद्धती आधी निधीच्या खात्यातून रक्कम वजा करते, मग बँकेला द्यावयाचा आदेश तयार करते, मग मंजुरीची नोंद करते. दुसऱ्या पायरीवर काही बिघडले तर? निधीतून रक्कम गेलेली, बँकेत आलेली नाही, अशी त्रिशंकू अवस्था होईल.

अशा वेळी त्या कार्यपद्धतीची तीन कर्तव्ये असतात. पहिले, झालेले अर्धे काम मागे घेऊन खाते पूर्ववत करणे. ‘सगळे, नाही तर काहीच नाही’ हा व्यवहाराचा पाया आहे. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८१ च्या आपल्या निबंधात या कल्पनेचे मूळ करारांच्या कायद्यात दाखवले होते. दुसरे, काय, कधी, कोणाच्या बाबतीत बिघडले याची टिकाऊ नोंद ठेवणे. तिसरे, काम झाले नाही हे संबंधितास स्पष्ट कळवणे. ही तीन कर्तव्ये पाळली तर चूक होऊनही अन्याय होत नाही. त्यांतले एक जरी टळले, तरी चुकीचे ओझे शिक्षकाच्या डोक्यावर येते.

आणि ती टाळली जातात, ही दुर्दैवाची गोष्ट आहे. ओरॅकलच्या भाषेत ‘व्हेन अदर्स देन नल’ असे चार शब्दांचे एक वाक्य लिहिता येते. त्याचा अर्थ असा की इतर कोणतीही चूक घडली तरी काहीही करू नये. चूक घडते, कार्यपद्धती तिला गिळून टाकते आणि बाहेर सांगते की सारे ठीक आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ च्या आवृत्तीपूर्वी प्रत्येक वाक्यानंतर चुकीचा क्रमांक लगेच तपासावा लागे. पुढचे वाक्य चालले की आधीचा क्रमांक पुसला जाई. २००५ पासून ‘ट्राय’ आणि ‘कॅच’ या रचनेने चूक एका जागी पकडण्याची सोय झाली. पण पकडलेल्या चुकीचे पुढे काय करायचे, हे यंत्र ठरवीत नाही. ते लिहिणाराच ठरवतो.

याहून सूक्ष्म एक सापळा आहे. चुकीची नोंद त्याच व्यवहाराच्या पोटात केली, तर व्यवहार मागे घेताना ती नोंदही मागे घेतली जाते. खाते शुद्ध राहते, पण चूक घडल्याचा पुरावाही धुऊन निघतो. म्हणून नोंदीचा व्यवहार मुख्य व्यवहारापासून वेगळा ठेवावा लागतो. ओरॅकलमध्ये त्यासाठी ‘ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शन’ ही खास सोय आहे. तात्पर्य, नीट नोंद ठेवणे अशक्य नाही, अवघडही नाही. त्यासाठी ती ठेवण्याची इच्छा आणि तशी मागणी करणारा मालक मात्र हवा. मालक मुदतीची घाई करतो आणि पडद्यावर लाल अक्षरे दिसली की नाराज होतो. मग कार्यक्रम लिहिणारा तरुण ती अक्षरे दिसणार नाहीत, एवढीच व्यवस्था करतो. दोष एकट्या त्याचा नव्हे.

यावर एक आक्षेप योग्य आहे. आतील बिघाडाचा सारा तपशील बाहेर दाखवला, तर भामट्यांना कोठाराची रचना कळेल. खरे आहे, पण तपशील नागरिकाला नकोच आहे. त्याला हवा आहे एक क्रमांक. ‘आपले काम झाले नाही, आपल्या प्रयत्नाचा क्रमांक अमुक, वेळ अमुक’ एवढे पडद्यावर उमटले आणि तोच क्रमांक तपशिलासह आतील वहीत राहिला, तर गुप्तताही राहते आणि पुरावाही राहतो. टपाल कचेरीतील रजिस्टर पत्राच्या पावतीहून यात अधिक काही नाही.

चूक गिळण्याचा शेवट कोठे होतो, हे ब्रिटनने पाहिले आहे. तेथील पोस्ट ऑफिसच्या ‘होरायझन’ या हिशेबप्रणालीत तूट दिसली म्हणून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक उप-पोस्टमास्तर दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, अनेकांचे दिवाळे निघाले. प्रणालीतच दोष असल्याचे लंडनच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये नमूद केले आणि मे २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. संगणकाचा पुरावा देताना तो नीट चालत होता हे दाखवण्याची १९८४ च्या कायद्यातील अट तेथे १९९९ च्या कायद्याने काढून टाकली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये तशी अट आणि प्रमाणपत्राची गरज कायम आहे, हे सुदैव. पण ज्या यंत्राने आपल्या चुका लिहूनच ठेवल्या नाहीत, ते नीट चालत होते असे प्रमाणपत्र कोण कशाच्या आधारे देणार?

चांगले उदाहरण शोधायला दूर जायला नको. माझगावपासून काही मैलांवर, फोर्टात, रिझर्व्ह बँकेचे मुख्यालय आहे. एटीएममधून पैसे निघाले नाहीत, पण खात्यातून वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने ते परत जमा करावेत. पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी आणि त्यासाठी ग्राहकाच्या तक्रारीची वाट पाहू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने ठरवून दिले. यात चुका होणारच हे गृहीत धरले आहे आणि त्या शोधण्याचे काम ज्याचे यंत्र त्याच्याकडे दिले आहे. दिवसाला शंभर रुपयांचा भुर्दंड डोक्यावर असला की चुकीची नोंद ठेवण्याची निकड बँकेलाच वाटू लागते.

हेच तत्त्व सरकारी कचेऱ्या, विद्यापीठे व महापालिका यांना का लागू होऊ नये? संगणकाच्या कामाचा ठेका देतानाच फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाची स्वतंत्र नोंद आणि नागरिकास क्रमांक, ही अट घालावी. त्या नोंदी लेखापरीक्षणात तपासाव्यात. आणि यंत्रणेने नोंद दाखवली नाही, तर संशयाचा फायदा नागरिकाला मिळावा. यातले पहिले काम अभियंत्यांचे, दुसरे लेखापरीक्षकांचे आणि तिसरे कायदा करणाऱ्यांचे आहे. महाविद्यालयात आज संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आपण लिहिलेल्या त्या चार शब्दांच्या पलीकडे एखाद्याची उचल, एखाद्याचे गुण, एखाद्याची अब्रू अडकलेली असू शकते.

जुन्या कचेरीत खतावणीत चूक झाली तर ती चाकूने खरवडून काढण्यास मनाई असे. चुकीच्या आकड्यावर एक रेघ ओढायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला आपली आद्याक्षरे करायची. खालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे, हा त्या नियमाचा गाभा होता. आपल्या आजोबांच्या पिढीतील अल्पवेतनी कारकुनाने पाळलेला हा नियम कोट्यवधींच्या यंत्रणांना पाळता येत नसेल, तर ती प्रगती कोणत्या खात्यावर मांडायची, याचा विचार राज्यकर्त्यांनी करावा.