अस्वल शोधले कोणी? : पहिल्या शिकारीच्या सल्ल्यांविषयी (थ्रेड)

१/ मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्याविषयी एक वाक्य समाजमाध्यमांवर वारंवार फिरते : ‘नवाबांनी शिकारीसाठी राखले, म्हणून हे जंगल वाचले.’ सोबत बंदूक टेकून उभा असलेला कोणी साहेब किंवा संस्थानिक, कधी जुन्या पुस्तकातला ‘पहिल्यांदा अस्वल मारणाऱ्यास सल्ला’, आणि खाली इतिहासप्रेमींचा जयजयकार. या कौतुकाला माझी हरकत आहे.

२/ जे खरे आहे ते आधी मान्य करू. फणसाड हे जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे राखीव शिकारक्षेत्र होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १९८६ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले. आजही येथे बिबट्या आहे, शेकरू आहे, ‘गाण’ म्हणून ओळखले जाणारे पाणवठे आहेत. जंगल उरले, हे निर्विवाद.

३/ परंतु ‘राखले’ म्हटले की ‘कोणापासून?’ हेही विचारावे लागते. राखीव शिकारक्षेत्रात प्राणी मारणे थांबत नसे. मारण्याचा हक्क एका घराण्याकडे राही आणि बंदी इतर सर्वांना असे.

४/ शेजारच्या ब्रिटिश कुलाबा जिल्ह्यात (‘रायगड’ हे नाव १९८१ चे) हेच काम कायद्याने केले. १८७८ या एकाच वर्षी दोन कायदे आले. वन कायद्याने राखीव जंगलातील शिकार आणि फासे सरकारी नियमांखाली आणले. शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला. युरोपीयांना सूट दिली. कातकऱ्याचा फास गुन्हा ठरला. साहेबाची रायफल ‘खेळ’ ठरली.

५/ आता त्या सल्ल्यांकडे वळू. जेम्स फोर्सिथ यांचे मध्य भारतावरील पुस्तक १८७१ चे, डनबर ब्रँडर यांचे १९२३ चे. अशा पुस्तकांतील अस्वलाविषयीचा उपदेश साधारण असा : पहाटे टेकडीवर दबा धरा, रात्रभर चरून गुहेकडे परतणारे अस्वल गाठा, मोहाच्या दिवसांत मोहाच्या झाडांवर नजर ठेवा.

६/ सल्ला चुकीचा नाही. पण गुहा कोणती आणि मोह कुठे गळतो आहे, हे नवख्या अधिकाऱ्याला सांगणार कोण? गोंड किंवा कोरकू वाटाड्या. माग तो काढणार, हाका त्याचे गाववाले करणार, जखमी जनावरापुढे प्रथम तेच सापडणार. छायाचित्रात मात्र गोळी झाडणारा मध्यभागी, आणि वाटाड्या कडेला, बहुधा नावाविना.

७/ ज्ञान कोणाकडे होते, याचा एक पुरावा पाहा. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने आपल्या अस्वलाची लांब नखे पाहून त्याला ‘स्लॉथ’ या झाडावर लोंबकळणाऱ्या प्राण्याच्या कुळात घातले. चूक पुढे दुरुस्त झाली, पण ‘स्लॉथ बेअर’ हे नाव चिकटले ते चिकटलेच.

८/ हे केवळ हिंदुस्थानात घडले असे नाही. १९०२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत काळ्या अस्वलाच्या शिकारीला गेले. अस्वल शोधले, जेरबंद केले आणि झाडाला बांधले ते होल्ट कोलिअर यांनी; त्यांचा जन्म गुलामगिरीतला. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडण्यास रूझवेल्ट यांनी नकार दिला आणि त्यातून ‘टेडी बेअर’ जन्मले. कोलिअर किती जणांना ठाऊक आहेत? ते अस्वल अखेरीस सुरीने मारले गेले, हे तरी किती जणांना?

९/ म्हणून ‘गोरे विरुद्ध काळे’ एवढ्यावर थांबू नका. जंजिऱ्याचे सिद्दी स्वतः आफ्रिकी वंशाचे. मिसिसिपीत आफ्रिकी वंशाचा माणूस माग काढत होता, मुरूडला त्याच वंशाचे घराणे शिकार राखत होते. रंग बदलला, तरी जंगल कोणाचे हे सत्ताच ठरवत होती.

१०/ ‘पण जंगल तर वाचले ना?’ वाचले. मात्र याच रायगडात देवरायाही वाचल्या आहेत, कोणत्याही नवाबाच्या बंदुकीवाचून, गावांच्या श्रद्धेने आणि नियमांनी. त्यांच्या राखणदारांचे छायाचित्र कोणी फिरवत नाही. संरक्षणाचे श्रेय बंदूकवाल्यालाच दिले, की जंगलाकाठचा माणूस आपोआप ‘उपद्रवी’ ठरतो. आजच्या वादांतही तो तसाच ठरवला जातो. मला खरी चिंता याची आहे.

११/ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अस्वलाच्या शिकाऱ्याला सल्ला देण्याचे कारण उरलेले नाही. इतिहासाच्या नवशिक्याला मात्र एक द्यावासा वाटतो. शिकारीचे छायाचित्र हाती आले की मेलेल्या जनावरावरून आणि बंदुकीवरून नजर काढा, चौकटीच्या कडेला न्या. तेथे उभ्या असलेल्या माणसाचे नाव शोधा. नाही सापडले, तर ‘नाव नोंदवलेले नाही’ एवढे तरी लिहा आणि मगच पोस्ट करा.