हजेरीतलं नाव

मोरजीकरांनो, आपल्या किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांनी पाहुण्यांसाठी पाट्या आणि मेनूकार्डं रशियन भाषेतसुद्धा करून घेतली. ती भाषा आपल्याला जड गेली नाही. मग मागच्या बाकावरच्या पोराचं नाव घेताना जीभ का अडखळते?

हे पोर बहुधा विजापूर, गदगकडचं. बाप बांधकामावर, आई धुणीभांडी करणारी. घरात दखनी, शेजारच्या खोलीत कन्नड, शाळेत मराठी, मैदानात कोंकणी. चार भाषा येतात, पण इथं तो 'घाटी', आणि सुट्टीत गावी गेला की 'गोव्याचा'. त्यात मुसलमान असेल तर भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला काय ऐकावं लागतं, ते आपल्याच मुलांना विचारा. तेवढं बोलायला ती घरीच शिकलेली असतात.

आपण आपली मुलं इंग्रजीत घातली; गावच्या मराठी प्राथमिक शाळांचे पट आता बरेचसे या खोलीवाल्यांच्या मुलांवर टिकून आहेत. हेही ध्यानात असू द्या.

कायदा त्याच्या बाजूनं आहे. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, मुलाचा मानसिक छळ करता येत नाही, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेला बसवता येत नाही, हे संविधानाचं कलम 28. पण मधल्या सुट्टीत कायदा नसतो, गुरुजी असतात.

गुरुजी बिचकतात, तेही कळतं. 2023 मध्ये दाबोळीच्या एका शाळेतली मुलं मशिदीत गेल्यावरून मुख्याध्यापकांना निलंबित केलं गेलं. तेव्हा मशीद दाखवा असं मी म्हणत नाही. चवथीच्या नेवऱ्या आणि ईदेचा शीरखुर्मा यांची देवाणघेवाण चांगलीच, पण दोन दिवसांत ती संपते. गुरुजी, मागणं त्याहून लहान आहे. येती काही वर्षं रोजे जानेवारी ते मार्च या दिवसांत येतील. रोजा धरलेल्या मुलाला उन्हात पळवू नका. वर्गासमोर त्याला त्याच्या धर्माचा वकील करू नका. कुणी 'पाकिस्तान' म्हणून चिडवलं, तर ते ऐकलंच नाही असं करू नका.

आणि उद्या हजेरी घेताना त्याचं नाव नीट उच्चारा. अडलं, तर त्यालाच विचारा.