पोपटी कुणाची, पंगत कुणाची?

थंडी पडायला लागली की कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर आणि तुमच्या मोबाइलवर एकच पाटी दिसते: ‘पोपटी पार्टी’. अनलिमिटेड पोपटी, डीजे नाइट, स्विमिंग पूल, ‘ट्रायबल डान्स’, सकाळी चहा-पोहे. घरची सहल ठरली की या पाट्यांमधली एक निवडायचं काम हमखास कॉलेजवाल्याकडे येतं. बाबांना पार्किंगची काळजी, आजीला कमोड हवा, धाकट्याला पूल, आणि आई म्हणते, ‘तूच बघ गं, तुला फोनमधलं कळतं.’ तेव्हा कुठल्या पोपटीला जायचं हा प्रश्न खरं तर तुम्हालाच विचारलेला असतो. रेटिंगचे तारे मोजून तो सोडवता येतो. फक्त ते तारे लोकांनी पूलला दिलेत की पोपटीला, एवढं बघून घ्यावं.

ज्यांनी अजून खाल्लेली नाही त्यांच्यासाठी थोडं. मातीचं मडकं घ्यायचं, तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा. हा पाला कुणी पेरत नाही, तो शेतात, बांधावर आपला आपण उगवतो, आणि त्याच्या उग्र वासाशिवाय पोपटीला पोपटी म्हणायला रायगडचा माणूस तयार होत नाही. त्यावर वालाच्या भरलेल्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मधे बटाटे, रताळी, कोनफळ, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा. मडकं जमिनीवर उलटं ठेवायचं, भोवती पेंढा, पातेरा, काटक्या, गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायचं. आत तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. शेंगांच्या अंगच्या ओलाव्याची वाफच सगळं शिजवते. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा. चर्र होऊन पाणी उडून गेलं की झाली. मग कागदावर ओतायची आणि सगळ्यांनी गोल बसून बोटं भाजून घ्यायची. गुजरातेत वलसाडकडे मिळणारं उंबाडियुं हे हिचं सख्खं भावंड. रायगडात तर पोपटीच्या निमित्ताने कविसंमेलनंही भरतात, आणि शेंगा संपेपर्यंत तरी कवींना श्रोते मिळतात.

असाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकालाही पडतो. हवाई बेटांवर सुट्टीला गेलेल्या कुटुंबात ‘लुआउ कुठला करायचा’ यावर वाद झडतात. लुआउ म्हणजे तिथली मेजवानी. शब्दाचा मूळ अर्थ ऐकून कोकणातल्या माणसाला एकदम घरच्यासारखं वाटेल: अळूची कोवळी पानं. नारळाच्या दुधात शिजवलेलं अळू या जेवणात असायचं, म्हणून जेवणालाच ते नाव पडलं. मुख्य पदार्थ डुक्कर. जमिनीत खड्डा खणून, तापलेल्या दगडांवर ठेवून, केळीच्या आणि टी नावाच्या झुडपाच्या पानांनी झाकून, वर माती लोटून ते तासन्तास शिजवतात. त्या खड्ड्याचं नाव इमु. आपलं मडकं जमिनीच्या वर, त्यांची भट्टी जमिनीच्या पोटात. वाफेचं काम तेच.

आज तिथल्या समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलांत लुआउचे शो होतात. तिकीट असतं, पुढच्या टेबलाला जादा पैसे. शेवटी पेटत्या सुऱ्यांचा नाच असला की टाळ्या ठरलेल्या. पण तो नाच सामोआचा. ढोलावर कंबर गरगर फिरवणारा वेगवान नाच ताहितीचा. हवाईचा स्वतःचा नाच हुला. १८३० मध्ये राणी काआहुमानूने तो सार्वजनिक ठिकाणी करायला बंदी घातली होती आणि राजा कालाकाउआने १८८३ मध्ये आपल्या राज्याभिषेकात तो पुन्हा मानाने उभा केला. एवढं सोसून टिकलेल्या नाचाच्या नावावर पाहुण्यांना भलतंच खपवायचं, म्हणजे कोळीनृत्य सांगून भांगडा दाखवण्यासारखं.

लुआउच्या मागे एक गोष्ट आहे, ती मला या सगळ्या शोपेक्षा मोठी वाटते. जुन्या हवाईत स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवायला बंदी होती. डुकराचं मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी बायकांना वर्ज्य. १८१९ मध्ये लिहोलिहो हा विशी नुकती ओलांडलेला राजा भर मेजवानीत उठला, बायकांच्या पंगतीत जाऊन बसला आणि जेवला. बंदी तिथेच मोडली. कोण कुणाबरोबर बसून खातो-पितो याला किती वजन असतं हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. महाडचं चवदार तळं याच जिल्ह्यातलं, साल १९२७.

म्हणून पोपटी निवडताना पंगतीकडे बघा, असं आमचं म्हणणं. बसतं कोण, वाढतं कोण आणि पैसे कुणाकडे जातात.

सुरुवात शेंगांपासून करू. भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर इथे वाल पेरतात. शेंगा भरायला डिसेंबर सरत येतो. दिवाळीचे कंदील उतरायच्या आत ‘सीझनची पहिली पोपटी’ सुरू झाली असेल, तर त्या शेंगा टेम्पोने बाहेरून आल्या असण्याचीच शक्यता जास्त. त्या खाऊ नयेत असं नाही, पण मग कर्जतपर्यंत कशाला जायचं? बुकिंगचा फोन कराल तेव्हा एक विचारा, ‘वाल कुणाच्या शेतातला?’ शेतकऱ्याला हा प्रश्न आवडतो, तो पाच मिनिटं बोलतो, वर यंदा थंडी कमी पडली म्हणून कुरकुरतो. दुसरीकडून उत्तर येतं, ‘सर, अनलिमिटेड आहे.’

मग तो ‘ट्रायबल डान्स’. कर्जत आणि खालापूरच्या डोंगरपट्ट्यात ठाकर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. त्यांची गाणी, त्यांचे नाच त्यांचे आहेत. जाहिरातीत मात्र समाजाचं नावच नसतं, नुसतं ‘ट्रायबल’. जो नाच बघायला तुम्ही पैसे मोजताय तो कुणाचा, हे सांगायची तसदी आयोजक घेत नसेल तर नाचणाऱ्यांच्या हातात त्यातलं काय पडत असेल याचा अंदाज करा. विचारायला लाजू नका. नाचून झाल्यावर ती मंडळी तुमच्याबरोबर बसून शेंगा खातात की मागच्या दाराने टेम्पोत चढतात, तेही बघा.

कातकरी समाजाचं तर आणखी वेगळं आहे. महाराष्ट्रातल्या तीन अति असुरक्षित आदिवासी गटांपैकी हा एक. खैरापासून कात काढायचा म्हणून कातकरी. जंगलं गेली, कात गेला. आता पावसाळ्यानंतर उचल घेऊन कितीतरी कुटुंबं बिऱ्हाड उचलून वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पुढचा पाऊस तोंडावर आला की परततात. पोरांची शाळा मध्येच सुटते. आता कॅलेंडर बघा. जे महिने त्यांच्या भट्टीचे, तेच आपल्या पोपटीचे. आपण मडक्याभोवती शेकत बसतो तेव्हा त्या वाडीतली अर्धी घरं कुलूपबंद असू शकतात. वाडीतल्या चार घरांना थंडीचे तीन महिने गावातच पाहुण्यांचं काम मिळालं, तर त्या चार घरांना उचल घ्यावी लागणार नाही. आपल्या एका बुकिंगने हे होत नाही, हे उघड आहे. पण बुकिंगचे पैसे कुठेतरी जातातच ना.

इथे कुणी म्हणेल, रिसॉर्टमध्येही गावातलीच पोरं कामाला असतात. असतात, आणि काही ठिकाणी पगार वेळेवर मिळतो, जे प्रत्येक शेतघराबद्दल म्हणता येणार नाही. आजीचा कमोडही खरा आहे. गुडघे दुखणाऱ्या बाईला ‘अस्सल अनुभव’ म्हणून शेतात पाठवणं हा दुष्टपणा झाला. अस्सलपणाचा हट्ट हाही शहरी लाडच. मडक्याऐवजी पत्र्याचा डबा वापरला म्हणून नाक मुरडणारे पाहुणे गावकऱ्यांना चांगले ठाऊक आहेत. आमची तक्रार रिसॉर्टच्या असण्याबद्दल नाही. वाल, पाला, नाच, सगळं गावाचं वापरून गावाला फक्त गेटवरचा शिपाई करायचं, याबद्दल आहे.

आणि जमिनीबद्दल. भाताच्या ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ या वाणांना नाव इथल्या संशोधन केंद्रामुळे मिळालं. त्याच तालुक्यात शेतांना तारेची कुंपणं पडतायत, ‘सेकंड होम’चे फलक लागतायत. पनवेल-कर्जत लोकल सुरू झाली की भाव आणखी चढणार. पोपटीला आग लागते, पण आधी बांध लागतो, वाल लागतो, भांबुर्डा लागतो. कुंपणाच्या आतल्या लॉनवर यातलं काहीच उगवत नाही.

थर्टी फर्स्टला जाणार असाल तर आणखी एक सुचवतो. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. कोतवाल माथेरानचे, वकील झालेले. शेतकरी सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या सुरू केल्या होत्या आणि ४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले होते. दर वर्षी त्या दिवशी सिद्धगडला लोक जमतात. तुमचा हँगओव्हर तोवर उतरलेला असतो.

फोनवर बोलून घ्यायच्या गोष्टी तेवढ्या विसरू नका. रात्री दहानंतर डीजे असेल का, हे विचारा. शेजारच्या वाडीत कुणाची दहावी असते, कुणाचं तान्हं मूल असतं. उष्ट्या पत्रावळी आणि बाटल्या कुठे जातात, तेही विचारा. शेतावर जाणार असाल तर मडकं लावायच्या वेळेआधी पोहोचा, पाला खुडायला जा, शेतकऱ्याच्या घरच्यांनाही बसायला सांगा. ते आधी ‘तुम्ही घ्या, आम्ही नंतर’ म्हणतील. दुसऱ्यांदा म्हणा. आणि कुणाचा मार्गशीर्षातला गुरुवार असेल, कुणी अंडं खात नसेल, तर त्यांचं मडकं वेगळं लावायला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. एकदा मडकं उलटं झालं आणि पेंढा पेटला की मग काही करता येत नाही.