वेग आणि ताळा

महासंगणकाची थोरवी त्याच्या वेगावरून मोजण्याचा प्रघात पडला आहे. १९९१ सालीं पुण्यास सी-डॅक संस्थेनें ‘परम ८०००’ सिद्ध केला. २०२४ सालीं त्याच शहरांत हवामानाच्या अभ्यासासाठीं ‘अर्क’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. सेकंदास अकरा हजार लक्ष कोटींहून अधिक गणितें करण्याचें त्याचें सामर्थ्य आहे. याचा अभिमान वाटणें योग्यच होय. परंतु तीं गणितें बरोबर आहेत कीं नाहींत, हें कोण पाहतो?

यंत्र संशोधकाच्या आज्ञावलीचें निमूटपणें पालन करतें. तींत चूक असल्यास तीच चूक तें विलक्षण वेगानें करतें. शिवाय येथें हजारों प्रोसेसर एकदम राबतात, व त्यांच्या बेरजा कोणत्या क्रमानें मिळविल्या यावरून उत्तराचे शेवटचे अंक बदलतात. तेव्हां दोन उत्तरें किंचित् भिन्न आलीं, तर दोष आज्ञावलीचा कीं नाहीं, हें ओळखणें तज्ज्ञांसही कठीण जातें.

हा धोका काल्पनिक नव्हे. अमेरिकेंत प्रथिनांची रचना शोधणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या आज्ञावलीनें आंकड्यांच्या दोन स्तंभांची अदलाबदल केली, आणि रचना आरशांतील प्रतिमेसारखी उलटी दिसली. २००६ सालीं हें उघडकीस आलें, व पांच निबंध मागें घेण्याची पाळी आली. जपानांत क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर डिसेंबर २०२१ मध्यें एक लहानशी आज्ञावली चालू असतांनाच तिच्या जागीं सुधारलेली प्रत ठेवण्यांत आली. त्या घोटाळ्यांत सुमारें ७७ टेराबाइट माहिती पुसली गेली. १४ संशोधन-गटांस झळ लागली, व त्यांपैकीं चौघांची माहिती कायमची गेली.

उपाय मुळींच गूढ नाहींत. ज्याचें उत्तर आधींच ठाऊक आहे असें लहान गणित प्रथम करून पाहावें. आज्ञावली दुसऱ्याकडून वाचून घ्यावी. प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी. कोणी म्हणेल कीं, यानें संशोधन मंदावेल. परंतु चुकीच्या पायावर गेलेलीं वर्षें कोण परत देणार? खरी अडचण अशी कीं, कीर्ति निबंधास मिळते, तपासणीस मिळत नाहीं. आमच्या मतें आज्ञावली तपासणाऱ्यास निबंधलेखकाइतकाच मान मिळाला पाहिजे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं उद्यां अशा यंत्रांपुढें बसतील. त्यांनीं ताळा पाहण्याची संवय आजच लावून घ्यावी. आणि पालकांनींही गणित किती लवकर सुटलें एवढेंच न विचारतां, ताळा पाहिला काय, हें अवश्य विचारावें.