मावशींचा हप्ता आणि दोन चौकोन



गेल्या वर्षावासातली गोष्ट आहे. भोकरदन तालुक्यातील आमच्या हसनाबादेत पौर्णिमेला विहारात ग्रंथवाचन झाले, खीर वाटून झाली आणि नेहमीप्रमाणे महिला बचत गटाची बैठक बसली. मोबाईलवर हिशेब वाचता वाचता खजिनदार ताई थांबल्या. म्हणाल्या, "मावशी, तुमचा या महिन्याचा हप्ता दिसत नाही."

मावशी शेतमजुरी करणाऱ्या. साठी उलटलेली. हप्ता दोनशे रुपयांचा. "ताई, तुमच्याच हातात देला ना मी, वाचनाच्या आधी. पन्नासच्या चार नोटा होत्या."

ताईंनी मोबाईल पुढे केला. मावशींच्या नावापुढची जागा रिकामी होती. कोणी काही बोलले नाही. पण दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिले, आणि ते पाहणे मावशींनी पाहिले. पदर सावरून त्या उठल्या आणि घरी निघून गेल्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर राबून एका पैशाचा बट्टा न लागू दिलेल्या बाईच्या वाट्याला ती संध्याकाळ आली, आणि त्यात आमचाही हात होता. ते कसे, हे सांगण्यासाठीच आज लेखणी उचलली आहे.

त्या रात्री आम्ही गटाचा डबा मागवून घेतला आणि रोकड मोजली. मोबाईलच्या हिशेबापेक्षा डब्यात दोनशे रुपये जास्त निघाले. बी.कॉम. होऊन आणि इतकी वर्षे कारकुनी करून एवढे तरी आम्हाला कळते, की शिल्लक कमी भरली तर पैसे कुठे गेले ते शोधावे आणि जास्त भरली तर लिहिण्यातली चूक शोधावी. म्हणजे मावशींनी पैसे दिले होते. मग नोंद कुठे गेली?

इथे थोडे मागे जावे लागेल. गटाची लांब लाल वही होती. ती बंद करून मोबाईलवर हिशेब ठेवा, असा आग्रह आम्हीच धरला होता. वस्तीतला एक मुलगा छत्रपती संभाजीनगरला संगणकाचे शिक्षण घेतो. त्याने विनामूल्य एक वेब अ‍ॅप करून दिले. वेब अ‍ॅप म्हणजे मोबाईलमध्ये वेगळे काही न बसवता इंटरनेटवरून उघडणारे पान, ज्यावर नोंदी करता येतात. पोराने आधी मराठी शब्दांची बटणे केली होती. 'हे खेडवळ दिसते, शहरातल्यासारखे चित्रांचे कर' असे सांगणारे शहाणे आम्हीच! त्याने ऐकले. प्रत्येक नावापुढे दोन चित्रे आली. बरोबरची खूण म्हणजे हप्ता जमा, कचऱ्याची टोपली म्हणजे नोंद खोडणे.

दुसऱ्या दिवशी ताईंचा मोबाईल घेऊन आम्ही विहारात त्या बसल्या होत्या त्याच कोपऱ्यात बसलो. तिथे रेंज जेमतेम. पान उघडले, नावे आली, आकडे आले. चित्रे मात्र आली नाहीत. बरोबरच्या खुणेच्या जागी एक रिकामा चौकोन, टोपलीच्या जागीही तसाच चौकोन. ताईंनी अंदाजाने पहिला दाबला, काही झाल्यासारखे वाटले नाही म्हणून दुसराही दाबला. नोंद झाली आणि लगेच पुसली गेली. 'खोडू का?' असे पानाने विचारलेही नाही.

पोराला फोन लावला. तो म्हणाला, "काका, माझ्या मोबाईलवर तर सगळं नीट दिसतंय." त्याचेही खरे होते. खोलीवर वायफाय, आणि एकदा आलेली चित्रे त्याच्या मोबाईलने जपून ठेवलेली. करणाऱ्याला दोष दिसत नाही, वापरणाऱ्याला दिसतो, अशी ही गंमत. पुढे त्याने आम्हाला जे समजावले ते आमच्या भाषेत सांगतो.

जुन्या छापखान्यात शिशाचे खिळे असत आणि प्रत्येक खिळ्याला पेटीत ठरलेले घर असे. 'क'च्या घरात 'क', 'ख'च्या घरात 'ख'. संगणकातला फाँट म्हणजे अशीच खिळ्यांची पेटी. 'आयकॉन फाँट' हा प्रकार असा, की या पेटीत अक्षरांऐवजी चित्रे भरतात. कुठे घर, कुठे टोपली, कुठे भिंग. मोबाईलच्या दृष्टीने ते चित्र नसतेच, ते एक अक्षर असते. ती पेटी हाताशी असेल तोवर टोपली दिसते. पेटी आली नाही, की उरतो त्या घराचा नुसता नंबर, आणि नंबरावरून काय काढायचे हे न कळल्याने मोबाईल रिकामा चौकोन काढून मोकळा होतो.

आपल्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांना हे नवे वाटू नये. विंडोज ३.१ बरोबर १९९२ साली 'विंगडिंग्ज' नावाचा चित्रांचा फाँट आला. त्यात चौकटी कंसाची एक कळ दाबली की चक्क धम्मचक्र उमटते! बुद्धजयंतीच्या किती पत्रकांवर आम्ही ते चक्र मोठे करून लावले, त्याची गणती नाही. आणि तीच फाईल पुढे कोणाच्या मोबाईलवर पाठवली, तर चक्राच्या जागी चौकोन. आपल्या मराठीचीही तीच गत होती. शिवाजी, श्रीलिपी, आकृती असे ज्याचे त्याचे फाँट, ज्याच्या त्याच्या पेट्या. एका संगणकावर 'त्रिसरण पंचशील' टाईप करावे आणि दुसऱ्यावर उघडून पाहावे, तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. कारण आतून ती इंग्रजी अक्षरेच होती, वर मराठीचा मुखवटा चढवलेला. युनिकोड आले, प्रत्येक देवनागरी अक्षराला जगात सगळीकडे चालणारा स्वतःचा क्रमांक मिळाला आणि तो वापरात रुळला, तेव्हा कुठे हा त्रास सरला. धम्मचक्रालाही तिथे स्वतःचा क्रमांक आहे.

रुपयाच्या चिन्हाने हाच प्रवास काही महिन्यांत केला. मुंबईच्या आयआयटीत संशोधन करणाऱ्या डी. उदयकुमार यांचे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वीकारले. लगेच मंगळूरच्या फोरेडियन नावाच्या कंपनीने एक फाँट काढला. त्यात हे चिन्ह एका आकड्याशेजारच्या कळेवर बसवलेले होते. तो फाँट नसणाऱ्याला रुपयाऐवजी नुसती तिरकी टिंबासारखी रेघ दिसे. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडने रुपयाला हक्काचा क्रमांक दिला. म्हणूनच आमच्या त्या पानावर चित्रे गायब असतानाही दोनशेच्या आधीचे रुपयाचे चिन्ह जागच्या जागी होते. ज्याचे नाव दप्तरी चढले तो टिकला. टोपली आणि बरोबरची खूण मात्र युनिकोडमधल्या 'खासगी' घरांत बसवलेल्या होत्या. सहा हजार चारशे घरांचा तो भाग कोणाच्याच मालकीचा नाही, ज्याने त्याने वाटेल ते ठेवावे. तिथे ठेवलेल्या वस्तूचा अर्थ फक्त ठेवणाऱ्याला ठाऊक.

आयकॉन फाँट काढणारे काही वेडे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. 'फाँट ऑसम' हा गाजलेला संच २०१२ चा, गूगलचा 'मटेरियल आयकॉन्स' २०१४ चा. त्या काळी स्वस्त मोबाईलमधल्या जुन्या ब्राउझरांना रेघांनी काढलेली चित्रे दाखवता येत नसत. फाँटमधले चित्र कितीही मोठे करा, फुटत नाही, आणि रंग अक्षरासारखाच बदलतो. सोय मोठी होती. पण पाच चित्रे हवी असताना शेकडो चित्रांची पेटी दूरच्या संगणकावरून ओढून आणायची, ती येईपर्यंत काही क्षण जागा कोरी, नाहीच आली तर चौकोन. गूगलच्या संचात तर चित्राच्या जागी इंग्रजी शब्दच उघडा पडतो. नेटपॅक वाचावा म्हणून आपली माणसे वापरतात त्या ऑपेरा मिनीसारख्या ब्राउझरमध्ये असे फाँट मुळी उतरतच नाहीत. जगभरचे प्रोग्रामर ज्या 'गिटहब'वर आपले काम ठेवतात, त्या संस्थेने २०१६ सालीच आयकॉन फाँट सोडून पानातच लिहिलेली रेघांची चित्रे स्वीकारली. याला एसव्हीजी म्हणतात. पेटी मागवायची गरज नाही, चित्र काढायची कृती पानाबरोबरच येते.

एवढ्याने आमचे समाधान झाले नाही. समजा टोपली दिसली असती, तरी ताईंना कळले असते का? आमच्या गटात टोपलीत भाजी असते. तीन आडव्या रेघा म्हणजे 'यादी उघडा', हे कोणत्या शाळेत शिकवले? फ्लॉपी म्हणजे 'जतन करा', आणि फ्लॉपी पाहिलेले वस्तीत मोजून चार जण, त्यात एक आम्ही.

तुम्ही म्हणाल, चित्रांवरच तर आपल्या लोकांनी लोकशाही चालवली. खरे आहे. १९५१ च्या जनगणनेत देशात शंभरात जेमतेम अठरा माणसे साक्षर होती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी आणि तिच्यावर चिन्ह चिकटवलेले. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती. अंगठाबहाद्दर म्हणून हिणवली गेलेली आपली आजी-आजोबांची पिढी त्या हत्तीच्या पेटीपाशी बरोबर जाऊन उभी राहिली. पण हत्ती त्यांना आपोआप कळला नव्हता. आधी कार्यकर्ते वस्तीवस्तीत गेले, भिंतीवर हत्ती काढला, तोंडाने सांगितले की आपला हत्ती. चित्राच्या मागे सांगणारा माणूस होता. आणि ते चित्र पेटीला डिंकाने चिकटवलेले होते, ते रेंजवर अवलंबून नव्हते! आजच्या मतदान यंत्रावर तर चिन्हाबरोबर उमेदवाराचे नाव असते, २०१५ पासून फोटोही असतो. निवडणूक आयोग नुसत्या चित्रावर विसंबत नाही, आणि आम्ही बचत गटाच्या पैशाच्या बाबतीत विसंबलो.

आमच्या गटात दृष्टी गेलेल्या एक आजी आहेत. त्यांचा नातू मोबाईलमधले वाचून दाखवणारे साधन सुरू करून देतो. बटण शब्दांचे असेल तर मोबाईल तो शब्द बोलतो. फाँटमधल्या चित्रावर बोट ठेवले तर नुसते 'बटण' म्हणतो, कसले ते नाही. पानाच्या आत त्या बटणाचे नाव लिहून ठेवले तर तेही बोलता येते. पोराला हे माहीत होते, सांगितले कोणी नव्हते. वाचकांनी एक तारीख लक्षात ठेवावी. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. अंध व्यक्ती आणि अ‍ॅसिड हल्ल्याने डोळे-चेहरा गमावलेल्या भगिनींच्या याचिकांवरचा तो निकाल आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज असो वा रेशनचा, जिथे बटण कळत नाही तिथे तक्रार लेखी द्यावी आणि हे कलम लिहावे.

भाषेबद्दलही मनात आले. बुद्धवचन विद्वानांच्या भाषेत बांधून ठेवावे असे सुचवणाऱ्या भिक्खूंना भगवंतांनी नकार दिला आणि लोकांनी ते आपापल्या बोलीत शिकावे अशी मोकळीक दिली, हे विनयपिटकात आले आहे. मग आमच्या हसनाबादेतल्या बटणावर 'जमा' लिहायला कसली लाज?

पोराने रविवारी बसून पान बदलले. हिरव्या पट्टीवर ठसठशीत 'हप्ता जमा', शेजारी रेघांनी काढलेली बरोबरची खूण. 'खोडा' हे बटण तिथून उचलून खाली, वेगळ्या जागी, आणि ते दाबले की मावशींचे नाव घेऊन पान विचारते, 'नोंद खोडायची का?' बटणांची उंचीही वाढवली. खुरपे धरून राठ झालेल्या बोटाला बारीक बटण सापडत नाही, हे त्याला त्याच्या आईने सांगितले.

मावशींकडे आम्ही आणि ताई दोघे गेलो. चूक सांगितली, हात जोडले. त्या म्हणाल्या, "बसा, चहा घ्या." फाँट, चौकोन वगैरे आम्ही सांगू लागलो तेव्हा त्यांनी थांबवले. "ते तुमचं तुम्ही पाहा. मला बाई लाल वहीत लिहून, ताईची सही पाहिजे."

पुढच्या पौर्णिमेला बैठकीत हप्ता सगळ्यांदेखत मोजला गेला. मोबाईलवर 'हप्ता जमा' दाबले, आणि वहीतही लिहिले. वही अजून चालू आहे, आणि दर महिन्याला दोन्हींची बेरीज जुळवण्याचे काम आमच्याकडे आहे.